आठवड्याची परशा आणि तिची हाफ्तारा घरी कशी वाचायची: 'वायेरा' घेऊन आख्खा आठवडा

दर वर्षी सिम्हात तोरा, म्हणजे तोरेचं वर्षाचं वाचन संपवून नव्याने सुरू करायचा सण, झाली की आपल्या यहुदी घरांत बऱ्याच जणांना उत्साह येतो, यंदा दर आठवड्याची परशा, म्हणजे तोरेतला त्या आठवड्याचा भाग, घरी वाचायचीच. पहिली परशा बेरेशीत जोरात होते, दुसरी नोहा पण कशीबशी होते, आणि तिसरी लेख लेखा येईपर्यंत पुस्तक परत कपाटात. गाडं अडतं ते बहुतेक एकाच ठिकाणी. परशा काढली की लगेच राशी बघायचा, मग रांबान (दोघेही मध्ययुगातले टीकाकार), मग यूट्यूबवर कुणाचा तरी शिऊर, म्हणजे पाठ, मग मिद्राश, म्हणजे रब्बींच्या जुन्या कथा-टिपा, आणि गुरुवार उजाडला तरी मूळ अध्याय एकदाही सलग वाचून झालेले नसतात. माझी पद्धत सोपी आहे. आठवड्याला मजकूर दोनच, तोरेतली परशा आणि नबींच्या पुस्तकातली तिची हाफ्तारा, आणि प्रश्न एकच: ज्याने कुणी या दोघींची जोडी लावली त्याला काय दिसलं असेल? बाकीची पुस्तकं या प्रश्नासाठी लागतील तशी काढायची, नाही लागली तर नाही काढायची.

नुसतं असं सांगून काही कळत नाही म्हणून एक परशा घेऊन रविवार ते शनिवार दाखवते. 'वायेरा' घेऊया, बेरेशीत म्हणजे उत्पत्ती या पुस्तकातली चौथी, अध्याय १८ ते २२, १४७ वचनं, साधारण ऑक्टोबरच्या शेवटाला नाहीतर नोव्हेंबरात येते. हाफ्तारा २ राजे, अध्याय ४.

जे अगदीच नवीन आहेत त्यांच्यासाठी पटकन: तोरेच्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांच्या ५४ परशा केलेल्या आहेत, त्या वर्षभरात सिनेगॉगमध्ये क्रमाने वाचून संपतात, आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारी, सकाळी तोरा वाचून झाली की नबींच्या पुस्तकांतला एक ठरलेला उतारा वाचतात, ती हाफ्तारा. ही प्रथा बरीच जुनी. मराठी ख्रिस्ती वाचकांनी प्रेषितांची कृत्ये १३:१५ काढून बघा, सभास्थानात 'नियमशास्त्र आणि संदेष्टे' यांचं वाचन झाल्यावर काय झालं ते तिथे आलंय.

आधी कॅलेंडर बघा, मग पुस्तक

ही पायरी फालतू वाटते पण इथेच घोळ होतो. हेबकॅल या यहुदी कॅलेंडरच्या साइटवर जाऊन या आठवड्याची परशा बघायची, पण तिथे 'इस्राएल' की 'डायस्पोरा' (इस्राएलबाहेर) हे आधी निवडायचं. आपण ठाण्यात, मुंबईत, अलिबागला, पुण्यात असलो तर डायस्पोरा. पेसाह, म्हणजे मिसरमधून सुटकेचा सण, इथे आठ दिवस आणि इस्राएलमध्ये सात, त्यामुळे आठवा दिवस शब्बाथला आला की तिकडचे एक परशा पुढे जातात. २०२२ साली असंच झालं होतं आणि ते अंतर थेट जुलैअखेर मात्तोत-मासे या परशांना मिटलं. तुमची मावशी दिमोना किंवा अश्दोदला असेल आणि तुम्ही फोनवर सोबत वाचत असाल, तर ती वेगळीच परशा का बोलतेय असं होऊन दोघींचा गोंधळ उडतो.

दुसरं, काही आठवडे दोन परशा जोडून येतात, आणि काही शब्बाथला नेहमीची हाफ्तारा बाजूला ठेवून खास वाचतात. हनुक्का या दिव्यांच्या सणातला शब्बाथ, पेसाहच्या आधीचे चार खास शब्बाथ, तिशा बआवच्या, म्हणजे मंदिरांच्या नाशाच्या उपवासाच्या, आधीचे तीन आणि नंतरचे सात. तेव्हा हाफ्तारेचा संबंध परशेशी नाही तर त्या दिवसांशी असतो. अशा आठवड्यात उगाच ओढूनताणून परशेशी धागा जोडत बसू नका. वायेराला सहसा ही भानगड नसते, म्हणून सुरुवात करायला ती बरी.

काय काय हाताशी लागेल

हिब्रू येत असेल तर हुमाश, म्हणजे तोरेची छापील प्रत. नसेल येत तर मराठी पवित्र शास्त्र चालेल, बायबल सोसायटीचं सगळीकडे मिळतं, आणि पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर मिळालं तर शेजारी ठेवा, दोन भाषांतरं वेगळी पडली की तिथे थांबायचं हे आपोआप कळतं. राशी, रांबान, मिद्राश हे सगळं सेफारिया साइटवर फुकट आहे, हिब्रू आणि बरंचसं इंग्रजीत.

मराठी बायबल वापरताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. त्यातला पुस्तकांचा क्रम ख्रिस्ती आहे, आपल्या तनाखचा, म्हणजे हिब्रू बायबलचा, नाही, तनाख इतिहासाच्या पुस्तकावर संपतो, ते मलाखीवर. वचनांचे आकडे कुठे कुठे एकाने सरकतात, उदाहरणार्थ वायेत्से हिब्रूत ३२:३ ला संपते आणि बहुतेक मराठी प्रतींत तेच वचन ३२:२ असतं. आणि मधेमधे ठळक अक्षरात जी शीर्षकं छापतात, 'सदोमाचा नाश' वगैरे, ती मूळ मजकुरात नाहीत, छापणाऱ्याने घातलेली आहेत. ती वाचूच नका. प्रसंग कशाबद्दल आहे ते आधीच कुणीतरी सांगून टाकलं की आपलं डोकं चालायचं थांबतं.

रविवार ते मंगळवार: नुसती परशा, टीका बंद

शब्बाथला तोरा वाचताना सात जणांना बोलावतात, त्यामुळे प्रत्येक परशेचे सात भाग पाडलेलेच आहेत. रोज एक भाग वाचायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे आणि ती चांगली आहे, पण मी पहिल्या तीन दिवसांत सगळं संपवते कारण हाफ्तारेला वेळ हवा असतो. वायेराचे भाग असे पडतात: १८:१-१४, १८:१५-३३, १९:१-२०, १९:२१ ते २१:४, २१:५-२१, २१:२२-३४ आणि शेवटचा आख्खा अध्याय २२. चौथा भाग एकटाच ४० वचनांचा आहे, त्याला संध्याकाळ मोकळी ठेवा.

हे भाग कुठे तुटतात तेही बघत जा. अध्यायांचे आकडे मध्ययुगात ख्रिस्ती विद्वानांनी टाकले, हे भाग वाचनाच्या परंपरेतले आहेत, आणि वाचन शक्यतो चांगल्या शब्दावर थांबवायचं असा रिवाज आहे. पहिला भाग १८:१४ ला संपतो, 'साराला मुलगा होईल' यावर. पुढच्याच वचनात सारा म्हणते मी हसलेच नाही, आणि देव म्हणतो, हसलीस. ते दुसऱ्या माणसाच्या वाट्याला! हे लक्षात ठेवा, पुढे हाफ्तारेत याचा उपयोग आहे.

वाचताना वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: कोण कुणाशी बोलतंय, काय दोनदा आलंय, आणि कुठे काहीतरी गाळल्यासारखं वाटतंय. बास. अर्थ, शिकवण, 'यातून आपण काय घ्यावं' असलं काही या तीन दिवसांत लिहायचं नाही.

एक प्रसंग मात्र अगदी हळू वाचा. १८:१ ते ८. भर दुपारी, ऊन तापलेलं, अब्राहाम तंबूच्या दारात बसलाय, तीन माणसं दिसतात आणि हा नव्वदी पार केलेला म्हातारा पळत सुटतो. आठ वचनांत किती धावपळ आहे मोजा: धावत भेटायला गेला, घाईने तंबूत साराकडे गेला, तिला म्हणाला लवकर कर, मग गुरांकडे धावला, पोऱ्यानेही घाईघाईने वासरू तयार केलं. आणि पाहुण्यांना तो काय म्हणाला होता? थोडं पाणी आणवतो, भाकरीचा तुकडा देतो. प्रत्यक्षात तीन मापं सपीठ, कोवळं वासरू, दही आणि दूध. तल्मुद या रब्बींच्या ग्रंथात, बाबा मेत्सिया भागात, यावरूनच म्हटलंय की सज्जन बोलतात थोडं आणि करतात जास्त.

मुलं सोबत असतील तर इथे प्रश्न येणारच, मटण आणि दूध एकत्र, जे आपल्याला मना आहे? आपण मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध घालतो ते याच कारणाने ना? उत्तरं दोन-तीन मिळतात, तोरा तेव्हा दिलेली नव्हती हे एक, आधी दूध आणि मग थांबून मांस वाढलं हे दुसरं. मुलांना पहिलं पटतं.

आता पुढचाच अध्याय काढा. १९:१, संध्याकाळ, सदोमच्या वेशीवर लोट बसलाय, तोही उठून वाकून नमस्कार करतो, तोही पाय धुवायला सांगतो, जेवण घालतो, बेखमीर भाकरी. राशी म्हणतो तो पेसाहचा दिवस होता. पाहुणे तेच, पाहुणचारही जवळपास तोच, पण एकीकडे उघडा तंबू आणि दुसरीकडे दार लावून घेतलेलं घर, बाहेर जमाव. हे दोन प्रसंग वहीत समोरासमोर लिहा, डावं पान, उजवं पान. वायेरात असं करता येण्यासारख्या जोड्या पुष्कळ आहेत. अध्याय २१ मध्ये अब्राहाम पहाटे उठून हागार आणि इश्माएलला भाकरी-पाणी देऊन घालवून देतो, २२ मध्ये पहाटे उठून इसहाकाला घेऊन निघतो. दोन्हीकडे मुलगा मरणाच्या दारात, दोन्हीकडे आकाशातून देवदूताची हाक, दोन्हीकडे काहीतरी अचानक नजरेस पडतं, तिथे विहीर, इथे झुडपात अडकलेला एडका.

बुधवार: हाफ्तारा, पण आपली हाफ्तारा

२ राजे ४. दोन गोष्टी आहेत. पहिलीत नबीच्या शिष्याची विधवा, सावकार तिची दोन पोरं गुलाम म्हणून न्यायला आलाय, घरात तेलाच्या एका भांड्याशिवाय काही नाही. अलीशा सांगतो शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी आण, थोडीथोडकी नको, दार लाव आणि ओत. भांडी संपतात तेव्हाच तेल थांबतं. (कोकणात बेने इस्राएल यहुद्यांना शनवार तेली म्हणत, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली; त्यांच्या वंशात जन्मलेल्या माणसाला ही गोष्ट जवळची वाटली तर नवल नाही.) दुसरी गोष्ट शुनेमच्या बाईची. ती सधन आहे, अलीशा येता-जाता तिच्याकडे जेवतो, मग ती नवऱ्याला सांगून गच्चीवर त्याच्यासाठी लहानशी खोली बांधते आणि त्यात खाट, मेज, खुर्ची आणि दिवा ठेवते. तिला मूल नाही, नवरा म्हातारा. अलीशा म्हणतो, पुढच्या वर्षी याच वेळी तू मुलाला कवटाळशील. ती म्हणते, नको, दासीशी खोटं बोलू नका.

इथे थांबा आणि उत्पत्ती १८:१० शेजारी उघडा. 'पुढच्या वर्षी याच वेळी' हे बोल दोन्हीकडे जवळजवळ तेच, हिब्रूत ते तनाखात या दोन प्रसंगांपलीकडे येत नाहीत. जोडी लावणाऱ्याच्या नजरेत आधी हेच भरलं असणार. म्हातारा नवरा, मूल नसलेली बाई, घरी आलेला पाहुणा, पाहुण्याच्या तोंडून मुलाचं वचन. बहुतेक लेखांत एवढं सांगून हाफ्तारा संपते. तुम्ही पुढे जा.

मुलगा मोठा होतो, शेतात बापाकडे जातो, 'माझं डोकं, माझं डोकं' म्हणतो, त्याला आईकडे आणतात, दुपारपर्यंत तिच्या मांडीवर असतो आणि मरतो. ती त्याला वर नबीच्या खाटेवर ठेवते, दार लावते आणि गाढव मागवते. नवरा विचारतो, आज कशाला जातेस, आज ना अमावास्येनंतरचा नवा चंद्र ना शब्बाथ. ती एवढंच म्हणते, शालोम. ठीक आहे. वचन २३.

आणि सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या यहुद्यांच्या, रिवाजाप्रमाणे हाफ्तारा इथे संपते! अश्केनाझी, म्हणजे जर्मनी-पोलंडकडचे, ३७ पर्यंत वाचतात, अलीशा येतो, मुलगा सात वेळा शिंकतो, डोळे उघडतो, आई त्याला घेऊन जाते. आपण बेने इस्राएल सेफार्दी वळणाने प्रार्थना करतो, त्यामुळे आपल्या सिनेगॉगमध्ये मुलगा वरच्या खोलीत मेलेलाच असताना वाचन थांबतं. पहिल्यांदा लक्षात आलं की धक्का बसतो. कारण काय? एक उत्तर असं की वाचन चांगल्या शब्दावर थांबवायचं, आणि 'शालोम'पेक्षा चांगला शब्द कुठला. पण मला वाटतं परिणाम त्याहून मोठा होतो. त्याच सकाळी आपण अध्याय २२ ऐकलेला असतो, त्यात बाप मुलाला घेऊन डोंगराकडे चाललाय आणि मुलगा विचारतो, विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठाय? बाप सगळं माहीत असून जे उत्तर देतो आणि ही बाई नवऱ्याला जे उत्तर देते, ती दोन उत्तरं शेजारी ठेवा. दोघांनीही घरच्या माणसाला खरी गोष्ट सांगितली नाही, आणि दोघांनीही आशा सोडलेली नाही. २३ वर थांबल्याशिवाय हे दिसत नाही. म्हणून मी सांगते, आधी २३ पर्यंत वाचून पुस्तक मिटा, एक दिवस तसंच राहू द्या, उरलेलं गुरुवारी.

गुरुवार: बाकीची पुस्तकं, पण मोजकीच

आता बाहेर पडा. नियम असा की परशेतल्या एखाद्या वचनामुळे जे पुस्तक उघडावंसं वाटेल तेच उघडायचं. वायेरासाठी माझी यादी साधारण अशी होते.

सदोमचं पाप काय होतं? आपण सगळे एकच उत्तर देतो. यहेज्केल १६:४९ वाचा: गर्व, पोटभर अन्न, निवांत सुख, आणि गरीब-लाचारांना हात न देणं. हे वाचून परत १८ आणि १९ वाचलं की पाहुणचाराचे ते दोन प्रसंग तिथे का आहेत ते कळतं. मग शास्ते १९, गिबाची गोष्ट, वाचायला अवघड आहे, मुलांसमोर नको, पण तिथे सदोमसारखाच जमाव इस्राएलच्याच गावात दारावर येतो. आणि यिर्मया ५:१. अब्राहाम सदोमसाठी देवाशी घासाघीस करतो, ५० वरून ४५, ४०, ३०, २०, १०, तिथे थांबतो. यिर्मयात देव म्हणतो यरुशलेमच्या गल्ल्या फिरा, न्यायाने वागणारा एक जरी सापडला तरी क्षमा करीन. दहावरून एकावर.

मोरिया हे नाव परत फक्त २ इतिहास ३:१ मध्ये येतं, शलमोनाने मंदिर कुठे बांधलं ते सांगताना. स्तोत्र ११ छोटं आहे, त्यात देव नीतिमानाला पारखतो आणि दुष्टांवर विस्तव-गंधक पाडतो, म्हणजे अध्याय २२ आणि १९ दोन्ही सात वचनांत.

एक आपल्या कोकणातला धागा सांगितल्याशिवाय राहवत नाही. अलीशा हा एलियाहू हन्नाबीचा (मराठी बायबलातला एलीया) शिष्य. आपल्या घरात नवस फेडताना मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा प्रसाद, करतो तो एलियाहूच्या नावाने, अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण दाखवतात. त्या एलियाहूने पण सारफथच्या विधवेचा मुलगा वरच्या खोलीत नेऊन, आपल्या खाटेवर ठेवून जिवंत केला होता, १ राजे १७. तिथेही पीठ आणि तेल न संपण्याची गोष्ट आधी येते. गुरूची आणि शिष्याची गोष्ट लागोपाठ वाचा, काय सारखं आहे ते सोपं आहे, काय वेगळं आहे ते शोधा. मला सगळ्यात मोठा फरक शुनेमच्या बाईचा वाटतो, ती स्वतः जाऊन नबीचे पाय धरते आणि म्हणते, मी मुलगा मागितला होता का?

मग टीकाकार

आता राशी. फ्रान्समधल्या ट्र्वाचा, ११व्या शतकातला, थोडक्यात लिहितो आणि बहुतेक वेळा तुमच्याच वहीतल्या प्रश्नाला उत्तर देतो. तीन माणसं कशाला, एक पुरला नसता का? राशी: एका दूताला एकच काम, एक साराला बातमी सांगायला, एक सदोम उलथवायला, एक अब्राहामाला बरं करायला, कारण सुंतेनंतरचा तो तिसरा दिवस होता. म्हणजे पहिल्या वचनात देव आला तो आजाऱ्याला भेटायला.

एक वाद जरूर वाचा. रांबाम, म्हणजे मायमोनिडीज (रांबान वेगळा, तो नाखमानिडीज), म्हणतो हा सगळा प्रसंग दर्शनात घडला, देवदूत डोळ्यांना दिसणं म्हणजे नबीचं दर्शनच. रांबान यावर चांगलाच चिडतो: मग साराने पीठ मळलंच नाही? अब्राहामाने वासरू कापलंच नाही? सारा हसलीही नाही? हा वाद घरी मांडा आणि प्रत्येकाला बाजू निवडायला सांगा, टेबलावर चांगली अर्धा तास भांडणं होतात. याहून जास्त टीका एका आठवड्यात नको.

शुक्रवार आणि शब्बाथ

तल्मुदाच्या बेराखोत भागात सांगितलंय की माणसाने दर आठवड्याची परशा दोनदा मुळात आणि एकदा तार्गुममध्ये, म्हणजे ओन्केलोसच्या अरामी भाषांतरात, वाचून पूर्ण करावी. शुल्हान आरुख हा यहुदी नियमांचा ग्रंथ तार्गुमऐवजी राशीही चालवून घेतो. मराठीतलं वाचन यात धरायचं का ते आपल्या रब्बीला किंवा हाझानला, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणणाऱ्याला, विचारा, समजून वाचायला त्याचा फायदा आहेच.

व्यवहाराची गोष्ट: शब्बाथ पाळणाऱ्या घरात शुक्रवारी सूर्यास्तानंतर लिहिणं नाही, फोन नाही. त्यामुळे लागणारं सगळं दुपारीच प्रिंट काढा आणि पुस्तकात कागदाच्या चिठ्ठ्या घालून ठेवा, उत्पत्ती १८, २१, २२, २ राजे ४, यहेज्केल १६. चिठ्ठीवर वचनाचा आकडा आणि एक प्रश्न, उत्तर नाही. किद्दुश, म्हणजे द्राक्षरसावरचा आशीर्वाद, झाला, जेवण झालं की एक चिठ्ठी काढायची. लहान मुलांना शुनेमच्या खोलीतल्या चार वस्तू सांगायला लावा, त्यांना पाठ होतात, आणि आपल्या घरी पाहुण्याला आपण काय ठेवतो यावर ती स्वतःच बोलायला लागतात.

सिनेगॉगला गेलात तर हाफ्तारा वाचणारा आधी तोरेतली शेवटची काही वचनं वाचतो, मफ्तीर, वायेरात ती अध्याय २२ च्या शेवटाची वंशावळ असते, नाहोरची मुलं, त्यात रिबकाचं नाव येतं. सगळे त्या वेळी सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, चाळत असतात. तुम्ही ते नाव पकडा, पुढच्या आठवड्यात तिच्यासाठीच माणूस पाठवायचाय.

शनिवारी मिनहाला, म्हणजे दुपारच्या प्रार्थनेला, पुढच्या परशेचा पहिला भाग वाचतातच, हाये सारा. साराच्या मरणाने सुरू होते. हाफ्तारा १ राजे १:१-३१, म्हातारा दावीद पांघरुणं घालूनही गारठलेला. रविवारी उत्पत्ती २४:१ आणि १ राजे १:१ एकाखाली एक लिहून वही सुरू करा.